शिडाच्या बोटीवर बिअर: ३० अंशांची केबिन, डुलणारा एअरलॉक आणि फुटलेली बाटली

फैजपूर_ते_फिजी

राम राम मंडळी. मुक्काम ३४ फुटी शिडाच्या बोटीवर, सध्या न्यूझीलंडात फांगारेईच्या मरीनात. चक्रीवादळांचा मोसम सरला की मे महिन्यात फिजीकडे निघायचं आहे. इथे स्वतःपुरती बिअर घरी करायला मुभा आहे, म्हणून निघण्याआधी पद्धत बसवून घ्यायची आहे.

सामान असं: जिंबलवरचा (बोट कलली तरी सपाट राहणाऱ्या चौकटीतला) दोन बर्नरचा गॅस, १० लिटरचं स्टीलचं पातेलं, २३ लिटरची झाकणाची बादली आणि एअरलॉक (आतला गॅस सोडणारी, बाहेरची हवा अडवणारी पाण्याची नळी), साखर मोजायला हायड्रोमीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर. टाक्यांत २०० लिटर नळाचं पाणी. समुद्राचं पाणी गोडं करणारा वॉटरमेकर आहे, पण मरीनाच्या गढूळ पाण्यात तो चालवत नाही. फ्रिजमध्ये जेमतेम एक डबा मावतो.

दोन बॅच केल्या, दोन्ही वाया गेल्या. पहिलीला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास. दुसरीत बुडबुडे थांबले म्हणून सहाव्या दिवशी बाटल्या भरल्या, तर चार दिवसांनी एक काचेची बाटली लॉकरमध्येच फुटली आणि बाकीच्या उघडल्या की कारंजं.

विचारायचं असं:
१. फिजीत केबिन ३०-३२ अंश असणार. बादलीला ओलं गोणपाट गुंडाळून माठासारखी गार ठेवता येईल का?
२. बोट चालू असताना, म्हणजे सतत हेलकावे असताना, आंबवण नीट होतं का?
३. दर खेपेला पाणी आणि गॅस किती धरायचा?

वाळ्याचा_पडदा

सवाल भारी शे भो. पण गोणपाटाचा विचार सोडा.

भुसावळला मे महिन्यात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाने तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरता येतं. आपले माठ आणि कूलर याच जोरावर चालतात. फिजीच्या खाडीत २९ अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरा: तिथे हद्द २६. खानदेशात वीस अंश देणारी युक्ती समुद्रावर तीन अंश देते, आणि आंबताना बादली स्वतःच तेवढी तापते. बाकी काय उरलं?

म्हणून बिअर गार ठेवायच्या मागे लागू नका, उन्हाळा सोसणारं यीस्ट घ्या. पश्चिम नॉर्वेतल्या शेतघरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे. त्यातला 'वॉस' हा वाण ११ ग्रॅमच्या सुक्या पाकिटात मिळतो. २५ ते ४० अंश त्याला चालतं, ३५ च्या पुढे तर ते खुलतं, आणि संत्र्याच्या सालीसारखा हलका वास देतं. नेहमीचं एल (साध्या तापमानाला आंबणाऱ्या बिअरचं) यीस्ट १८ ते २४ मध्ये शहाण्यासारखं वागतं. तेच ३१ अंशांत टाकलं की जड अल्कोहोलं तयार होतात, थिनरसारखा वास येतो आणि सकाळी डोकं धरतं. थंडीत आंबणाऱ्या लागरचं तर नावच नको.

एक यीस्ट मात्र उष्णतेला चालतं म्हणून कोणी सुचवलं तरी बोटीवर आणू नका: बेल्जियन सेझॉनचं. त्यातले बरेच वाण इतर यीस्टला न पचणारी डेक्स्ट्रिनंसुद्धा (साखरेच्या लांब साखळ्या) हळूहळू फोडत राहतात. बिअर संपली असं वाटून बाटलीत भरली तरी आत महिनाभर काम चालूच, आणि दाब वाढत राहतो.

आता पहिल्या बॅचचा वास. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि टाकी धुताना टाकलेलं ब्लीच माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या) फिनॉलशी जुळलं की क्लोरोफिनॉल तयार होतं. ते अगदी नखभर असलं तरी नाकाला कळतं. उकळून क्लोरीन उडतं, पण कुठे कुठे क्लोरामाइन वापरतात, ते साध्या उकळीने लवकर जात नाही. उपाय स्वस्त आहे: कॅम्पडेनची गोळी, म्हणजे मेटाबायसल्फाइट. एक गोळी साधारण ७५ लिटरला पुरते, तेव्हा १२ लिटरला सहावा भाग पुष्कळ. चुरून पाण्यात ढवळा, पाच मिनिटं थांबा, झालं. वरून ओतायच्या गार पाण्यालाही ती लागते. बहुतेकांची चूक तिथेच होते: उकळायच्या पाण्याची काळजी घेतात आणि न उकळलेलं आठ लिटर तसंच ओततात.

खुल्या समुद्रात वॉटरमेकरचं पाणी मिळालं तर ही भानगडच नाही. त्यात खनिजं फार थोडी असतात, पण माल्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये ती आलेलीच असतात, त्यामुळे वेगळं मीठ-जिप्सम काही घालू नका.

बोटीवर २३ लिटरचा हट्ट नको, १२ पुरे:

हलक्या रंगाची सुकी माल्ट एक्स्ट्रॅक्ट पावडर १.५ किलो
१२ टक्के अल्फाचे (कडूपणा देणाऱ्या आम्लाचे) कडू हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं (मॅग्नमसारखे) २० ग्रॅम, गोळ्यांच्या रूपात
वासाला कॅस्केड हॉप्स २० ग्रॅम
वॉस अर्धं पाकीट, यीस्ट न्यूट्रिएंट असेल तर पाव चमचा

पाकिटाचा उरलेला अर्धा भाग हवा काढून घट्ट बंद करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि लगेच पुढच्याच खेपेला वापरा.

पातेल्यात फक्त ४ लिटर पाणी घ्या. ४०० ग्रॅम पावडर आधी वेगळ्या भांड्यात थोड्या गार पाण्यात पिठल्याला बेसन कालवतो तशी कालवून घ्या आणि पातेल्यात ओता. थेट वाफेवर ओतली की ती चमच्याला आणि काठाला चिकटते, गोळे होतात आणि तळाला करपते. उकळी आली की पहिली पाच मिनिटं पातेल्यापासून हलू नका, दुधासारखा फेस वर येतो. फेस बसला की मॅग्नम टाका आणि २० मिनिटं उकळा. तासभर उकळायची गरज नाही. ती उकळी कारखान्यात पावडर करतानाच झालेली असते, आपल्याला फक्त हॉप्सचा कडूपणा काढायचा असतो. मग गॅस बंद, कॅस्केड आणि कालवलेली उरलेली १.१ किलो पावडर आत, ढवळा, झाकण ठेवून दहा मिनिटं तसंच.

आता गार करणं. झाकण घट्ट लावून पातेलं समुद्राच्या पाण्याच्या बादलीत उभं करा, दोन-तीनदा पाणी बदला. इथे क्वाइकचा मोठा फायदा: २० अंशांपर्यंत उतरवायचंच नाही. पातेलं ५५ वर आलं आणि त्यात गोळी टाकलेलं २८ अंशांचं साडेसात लिटर पाणी मिसळलं की एकूण १२ लिटर ३८ अंशांवर येतं. तेच यीस्ट टाकायचं तापमान. जोरात हलवून हवा मिसळा (हवा घालायची ती एवढ्याच वेळी) आणि यीस्ट वर भुरभुरा.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबते तशी उतरते) १.०४८ च्या आसपास, शेवट १.०१२, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आतबाहेर.

धुळे_डिझेल

वरचं बरोबर. बांधाबांधीचं मी सांगतो.

दादा, ती बादली आधी बाजूला ठेवा. रुंद झाकणाच्या बादल्यांची रबरी कड नीट बसत नाही, गॅस तिथूनच निघून जातो. तुमचे बुडबुडे थांबले ते बहुधा यामुळे. बिअर आतून अर्धवटच होती. शिवाय बोट कलली की फेस थेट झाकणाला भिडतो.

२० लिटरचा, खाद्यपदार्थांसाठी असलेला चौकोनी जेरीकॅन घ्या, तोटीवाला मिळाला तर उत्तम. १२ लिटर भरल्यावर आठ लिटर जागा रिकामी राहते, फेसाला तेवढी लागते. एअरलॉक काढूनच टाका. हेलकाव्यात त्यातलं पाणी उडतं, आणि रात्री तापमान उतरलं की उरलेलं आत ओढलं जातं. त्याऐवजी बुचात ८-१० मिमीची खाद्य दर्जाची नळी बसवा आणि तिचं दुसरं टोक एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीत, अर्ध्या पाण्यात बुडवा. बाटलीच्या झाकणाला दोन भोकं: एक नळीला घट्ट, दुसरं गॅस जायला. बाटली कॅनपेक्षा खाली बांधायची, म्हणजे पाणी उलट चढत नाही.

जागा: डोलकाठीच्या बुंध्याजवळ, जितकी खाली तितकी बरी. नाळेकडची केबिन सगळ्यात जास्त उडते, तिथे नको. इंजिनाशेजारी तर अजिबात नको, असल्या प्लास्टिकमधून डिझेलचा वास आत झिरपतो. दोन पट्टे आडवे, एक उभा. वर जाड चादर टाका. कॅन अर्धपारदर्शक असतो, आणि हॉप्सवर ऊन पडलं की बिअरला स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा उग्र वास येतो. डेकवरच्या उन्हात याला काही मिनिटं पुरतात.

दुसरा प्रश्न: हेलकाव्यांनी आंबवणाचं काही बिघडत नाही. यीस्ट तळाला बसत नाही, तरंगत राहतं, काम उलट लवकर उरकतं. नुकसान होतं ते पुढे. आंबवण संपल्यावर कॅनमध्ये वर कार्बन डायऑक्साइडची गादी असते. नमुना काढायला झाकण उघडलं की हवा आत जाते आणि हेलकावे ती बिअरमध्ये घुसळतात. आठवड्यात ओल्या पुठ्ठ्याची चव. म्हणून नमुना तोटीतूनच काढा, तोही मोजकाच.

फांगारेई ते फिजी हजार-अकराशे सागरी मैल, आठ-दहा दिवसांचा पल्ला. निघायच्या आदल्या दिवशी उकळून यीस्ट टाकलं तर आंबवण वाटेत होऊ द्या. पण उकळणं चालू बोटीत कधीच नको, जिंबल असलं तरी. पोचल्यावर नांगर टाकून दोन रात्री कॅन स्थिर ठेवा, गाळ बसू द्या, मग बाटल्या.

गॅसचा हिशेब: ४ लिटर तापवून २० मिनिटं उकळायला दीडशे ग्रॅमच्या आसपास एलपीजी. पूर्ण १४ लिटर तासभर उकळायला बसलात तर अर्धा किलोच्या वर. पाणी: बिअरचे १२, उकळताना उडणारं अर्धा-पाऊण लिटर, धुण्याला ४-५. भांडी आधी समुद्राच्या पाण्याने घासा, मग गोड्या पाण्याने विसळा. पण खारं पाणी पातेल्यात रात्रभर ठेवू नका, साध्या स्टीलला बारीक खड्डे पडतात.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. १२ लिटर बिअर आंबताना ४०० ग्रॅमच्या वर, म्हणजे दोनशेहून जास्त लिटर कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि क्वाइक ते दोन-तीन दिवसांतच सोडतं. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. कॅन ज्या केबिनमध्ये असेल ती बंद करून तिथे झोपू नका, वरची झडप थोडी उघडी हवी. बोटीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हा वायू ओळखत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. एलपीजीही जडच, तो बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी उतरतो. उकळून झालं की सिलिंडरपाशीच बंद करायचं, बर्नरवर नाही.

रावेर_घड

वाचूनच झिंग आली भो. दोन गोष्टी. यात केळी टाकली तर? आणि हे इकडे मळ्यात करता येईल का?

वाळ्याचा_पडदा

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, स्वतःपुरतं केलं तरी. इकडच्यांनी हे फक्त वाचायचं.

केळी टाकून बिअरला केळ्याचा वास येत नाही, भाऊ. साखर आंबून जाते आणि पेक्टिनमुळे बिअर गढूळ राहते. जर्मन गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा जो वास असतो तो आयसोअमाइल असिटेटचा, आणि तो यीस्टच बनवतं. आत फळ औषधालाही नसतं. रावेरच्या घडांना बोटीवर टांगून खाण्याचंच काम ठेवा.

फैजपूर_ते_फिजी

मंडळी, उपकार. वॉस आणून १२ लिटर लावलं, कॅन बांधला, नळी बाटलीत. केबिन २६ आहे, तरी चौथ्या दिवशी सगळं शांत. पण रिफ्रॅक्टोमीटर ६.४ वर अडकलाय, सुरुवात १२ ब्रिक्स (साखरेचे टक्के) होती. अर्ध्यातच थांबली का? आणि या खेपेला बाटलीत साखर किती, ते नेमकं सांगा, लॉकर पुन्हा पुसायचा नाही.

वाळ्याचा_पडदा

थांबली नाही, झाली. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाशाचं वळण मोजतो, आणि अल्कोहोल त्याला फसवतं. १२ ब्रिक्सने सुरू झालेली बिअर पूर्ण आंबल्यावरही ६ च्या थोडं वरच दाखवते. दुरुस्ती केली तर तुमचे ६.४ म्हणजे १.०१२. तो फक्त यीस्ट टाकायच्या आधी वापरा. नंतर हायड्रोमीटर.

त्याचीही एक गोम आहे. तो २० अंशांसाठी आखलेला असतो. बिअर ३२ अंशांची असेल तर तो सुमारे ०.००३ कमी दाखवतो. फिजीत १.०१२ दिसलं तर खरं १.०१५ समजा. नमुना बोट शांत असताना घ्या, नळकांडं फिरवून काचेला चिकटलेले बुडबुडे सोडवा, मग वाचा.

४८ तासांच्या अंतराने दोन वाचनं अगदी सारखी आली की भरायचं. बुडबुडे मोजून काही कळत नाही. ग्रॅव्हिटीचा एक अंक, म्हणजे ०.००१, बाटलीत बंद झाला की सुमारे अर्धा व्हॉल्यूम गॅस देतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). तुम्ही समजा १.०१६ ला भरली आणि ती १.०१२ पर्यंत जायची होती: दोन व्हॉल्यूम फुकटचे, वर तुमची साखर वेगळी. काच फुटणारच.

साखरेचं गणित असं. ३० अंशांत आंबलेल्या बिअरमध्ये ०.७ व्हॉल्यूम गॅस मुळात विरघळलेला असतो. आपल्याला २.३ हवा, तर १.६ ची भर घालायची. दर व्हॉल्यूमला लिटरमागे ४ ग्रॅम साधी साखर धरा, म्हणजे लिटरला ६.४ ग्रॅम. गाळ वगळून हाती ११ लिटर येते: ७० ग्रॅम.

चमच्याने बाटलीत साखर टाकू नका. सपाट चमचा ४ ग्रॅमचा, शिगेचा ६-७ चा, आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीला हवी ३.२. त्यापेक्षा ७० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात दोन मिनिटं उकळा, गार झाल्यावर उकळलेलं पाणी घालून पाक बरोबर २२० मिली करा. बावीस बाटल्या, औषधाच्या दुकानातल्या सुई नसलेल्या सिरिंजने प्रत्येकीत १० मिली. एकही बाटली उणीअधिक होत नाही.

धुळे_डिझेल

आणि काच पुन्हा नको. तपकिरी रंगाच्या, फिरकीच्या झाकणाच्या अर्ध्या लिटरच्या पीईटी प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. त्या फुटून काचा उडत नाहीत आणि आतला दाब बोटाने कळतो. दोन बोटं जागा सोडून भरा, बाटली दाबून बिअर तोंडापर्यंत आणा आणि तशीच झाकण लावा. बाटली चेमटलेली दिसेल. ३० अंशांत दोन-तीन दिवसांनी ती स्वतःच फुगून सरळ होते. पाचव्या-सातव्या दिवशी सोड्याच्या बाटलीसारखी टणक लागली की झालं. दगडासारखी लागली, तळ बाहेर आला, तर सगळ्यांची झाकणं हळूच सैल करून गॅस सोडा. पीईटीतून हवा हळूहळू आत येतेच, तेव्हा दोन-तीन महिन्यांत संपवा.

बाटल्या निर्जंतुक करायला स्टार सॅनसारखं फॉस्फरिक ॲसिडवालं द्रावण, दर लिटरला दीड मिली. विसळायला पाणी लागत नाही, बोटीवर हीच त्याची खरी किंमत. गोड्या पाण्यातच करा. त्याआधी बाटली दिसायला स्वच्छ हवी, चिकट डागावर ते काही करत नाही.

ठेवायला पाण्याच्या रेषेखालचा लॉकर. तिथे समुद्राच्या पाण्याइतकंच तापमान राहतं, केबिनपेक्षा बरं. समुद्र ओलांडून आल्यावर तळाचा गाळ घुसळलेला असतो; एक दिवस उभ्या ठेवा, मग एक-दोन आदल्या दिवशी फ्रिजमध्ये, आणि ओतताना शेवटचं बोटभर बाटलीतच सोडा.

फैजपूर_ते_फिजी

सिरिंजची युक्ती झकास. शेवटचं: इथून सहा खेपांची पावडर भरून न्यावी म्हणतो. टिकेल का?

वाळ्याचा_पडदा

पावडर टिकते, पण समुद्राची हवा ती पिते. तोंड उघडं राहिलेलं पाकीट आठवड्यात गुळाच्या ढेपेसारखं होतं. ढेप झाली म्हणून फेकू नका: चव तीच असते, फोडून कोमट पाण्यात विरघळवा, फक्त वजन आधी करा. दीड किलोच्या पुड्या आत्ताच करून ठेवा, हवा काढून दुहेरी पिशवीत, वर घट्ट झाकणाचा डबा. एका खेपेला एक पुडी, वजनकाटा हलत्या बोटीत काढावाच लागत नाही.

फ्रिजमधली डबाभर जागा यीस्ट आणि हॉप्सला. हॉप्स हवाबंद पाकिटात. उबेत ते महिन्या-दोन महिन्यांत चीजसारखे वासू लागतात आणि कडूपणाही उतरतो, मग २० च्या जागी २५ ग्रॅम टाकावे लागतात. फिजीत पोचल्यावर आणि परत न्यूझीलंडात शिरताना ही सगळी पाकिटं जैवसुरक्षा तपासणीच्या अर्जात लिहा, कारखान्याची मूळ लेबलं पुड्यांना चिकटवून ठेवा. बिनलेबलाची पांढरी पावडर, तीही नऊ किलो, समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतील.